कानाने शिका तंत्रज्ञान

द्वारकेहून नोएडाच्या इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंत मेट्रोने जायचे तर सुमारे दीड तास मोडतो आणि परतताना तेवढाच. राजधानीत नोकरी करणाऱ्या कितीतरी मराठी घरांत रोजचे दोन-तीन तास असेच जातात. त्यातला अर्धा तास जरी सत्कारणी लावला, तरी दहावीतला मुलगा एखादा नवा शब्द टाकून आपल्याला गप्प करू शकणार नाही.

पॉडकास्ट म्हणजे आपल्या सवडीने ऐकायचा रेडिओ. बहुतेक पॉडकास्ट फुकट असतात. आदल्या रात्री घरच्या वायफायवर भाग उतरवून ठेवला की भुयारात नेटवर्क गेले तरी अडत नाही.

दिल्लीकरांनी सुरुवात करावी ती 'रिप्लाय ऑल' या अमेरिकन पॉडकास्टच्या 'लाँग डिस्टन्स' या दोन भागांपासून. २०१७ च्या जुलैअखेर त्यांचे प्रसारण सुरू झाले. सूत्रसंचालक अॅलेक्स गोल्डमन याला फोन येतो, 'तुमचे आयक्लाउड खाते धोक्यात आहे.' हा भामटा आहे हे त्याच्या लक्षात येते, पण फोन ठेवून न देता तो बोलत राहतो, माग काढतो. धागा दिल्लीतल्या एका कॉल सेंटरपर्यंत पोहोचतो. दुसऱ्या भागात तर गडी सहकाऱ्याला घेऊन चक्क दिल्लीत येऊन थडकतो! पुढचे इथे सांगून मजा घालवत नाही. हा पॉडकास्ट २०२२ मध्ये बंद झाला, तरी जुने भाग ऐकायला मिळतात.

हे ऐकणे नुसती करमणूक नव्हे. आता तसेच फोन आपल्याच घरांत येऊ लागले आहेत. स्वतःला पोलीस किंवा सीबीआय अधिकारी म्हणवणारा कोणी घरातल्या वडीलधाऱ्यांना व्हिडिओ कॉलवर तासन्तास खिळवून ठेवतो आणि आयुष्यभराची पुंजी काढून घेतो. 'डिजिटल अरेस्ट' अशी कोणतीही अटक कायद्यात नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही याबाबत सावध केले होते. एकदा फसवणाऱ्याची बोलण्याची ढब कानाला ओळखीची झाली की माणूस सहसा घाबरून जात नाही.

ती ढब ओळखायची तर जॅक रायसायडरचा 'डार्कनेट डायरीज' उत्तम. २०१७ पासून तो संगणकचोरांच्या खऱ्या कथा रहस्यकथेसारख्या सांगतो आहे. इराणच्या अणुप्रकल्पात शिरलेल्या 'स्टक्सनेट' विषाणूचा भाग चुकवू नका. २००५ पासून चालू असलेला 'सिक्युरिटी नाऊ' मात्र जाणकारांसाठी. घरात कोणी संगणक अभियंता असेल तर त्याच्याकडे सोपवा.

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी 'हार्ड फोर्क' ऐका. केव्हिन रूस आणि केसी न्यूटन या पत्रकारांनी तो २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू केला आणि पुढच्याच महिन्यात चॅटजीपीटी आले. २०२३ च्या फेब्रुवारीत बिंगच्या चॅटबॉटने याच रूसला 'माझे तुझ्यावर प्रेम आहे, बायकोला सोड' असे सुनावले होते! दोघे हसतात जरा जास्तच, पण विषय सोपा करून सांगतात.

इंग्रजीचा कंटाळा असेल तर बीबीसी मराठीचा 'गोष्ट दुनियेची' आहे. तो केवळ तंत्रज्ञानाचा नाही, पण अधूनमधून तोही विषय येतो आणि मराठी स्वच्छ आहे. सासूबाईंसोबत मटार सोलताना मोठ्याने लावण्यासारखा.

एकाच वेळी दहा पॉडकास्ट मात्र धरू नका. दोन निवडा, महिनाभर ऐका. अमेरिकन उच्चार झेपत नसतील तर वेग थोडा कमी करा, तशी सोय बहुतेक अॅपमध्ये असते. इंग्रजी न समजणाऱ्या आईवडिलांना रात्री जेवताना ती गोष्ट मराठीत सांगा. सांगताना सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांकही त्यांच्या फोनमध्ये साठवून द्या.