‘वेंधळा’ या शिक्क्यामागे

वाशिम जिल्ह्यात पहिला चांगला पाऊस झाला की सोयाबीनच्या पेरणीला मोजकेच दिवस मिळतात. समजा, रिसोड तालुक्यातला चाळिशीचा एक शेतकरी आहे. बियाणे वेळेत आणतो, पण बीजप्रक्रियेचे औषध दुकानातच विसरतो. ते आणायला निघतो आणि वाटेत दुसऱ्याच कामात गुंततो. पीक विम्याचा अर्ज शेवटच्या रात्री भरतो, कर्जाचा हप्ता दंडासह. घरचे म्हणतात, ‘हुशार आहे, पण वेंधळा.’ प्रौढपणी एडीएचडीचे निदान होणाऱ्या अनेकांनी हे वाक्य लहानपणापासून ऐकलेले असते.

एडीएचडी म्हणजे अवधानाची कमतरता व अतिचंचलता. नाव थोडे फसवे आहे. अवधान नसते असे नाही. ते हवे तेव्हा, हवे तिथे वळवता येत नाही. आवडत्या कामात हाच माणूस तहानभूक विसरतो, साध्या अर्जाला मात्र आठवडे लावतो. त्यामुळेच लोकांना तो आळस वाटतो.

लंडनचे डॉक्टर जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्ये अशा मुलांचे वर्णन केले. पुढे बराच काळ हा वयाबरोबर सुटणारा बालपणीचा दोष मानला गेला. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निकषांनी प्रौढांसाठी सहाऐवजी पाच लक्षणे पुरेशी ठरवली. मात्र काही लक्षणे बाराव्या वर्षाआधी दिसलेली हवीत, ही अट ठेवली.

हे निदान रक्ततपासणीने होत नाही. त्याचा पुरावा आईच्या आठवणीत आणि जुन्या प्रगतिपुस्तकातल्या शेऱ्यांत असतो. वर्गात दंगा न करता खिडकीबाहेर पाहत बसणारी मुलगी तर कुणाच्या नजरेतच येत नाही. शिवाय अपुरी झोप, थायरॉइड, नैराश्य, व्यसन यांतही लक्ष उडते. डॉक्टरांना ती कारणे आधी तपासावी लागतात.

निदानानंतर आधी हायसे वाटते, मग गेलेल्या वर्षांचे दुःख होते. मिथाइलफेनिडेट, अ‍ॅटोमॉक्सेटिन ही औषधे मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात. ती लक्ष टिकवायला मदत करतात. सवयी लावत नाहीत. त्यासाठी लक्षात ठेवण्याचे काम डोक्याकडून काढून भिंतीकडे सोपवावे: मोठ्या अक्षरांतली दिनदर्शिका, मोबाइलचा गजर, किल्ल्यांसाठी एकच खिळा. कंटाळवाणे कागद भरताना कुणी नुसते शेजारी बसले तरी काम पुढे सरकते. शेतात सावड चालते, तशीच ही कागदांची सावड. पहिली चौकशी कुठे करावी असा प्रश्न असेल, तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक निःशुल्क आहे.

एडीएचडीत अनुवंशाचा वाटा मोठा असतो. त्यामुळे बापाचे निदान झाले की घरातल्या मुलाकडेही नव्याने पाहावे लागते. दप्तर विसरून आलेल्या त्या मुलाला आज आपण काय म्हणतो, हे तो चाळिशीपर्यंत लक्षात ठेवणार आहे.