टोपली वाहणारा राजा

डोक्यावर विटांची टोपली घेतलेला हा माणूस बिगारी नाही, लगश राज्याचा राजा उर-नानशे आहे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातला हा जेमतेम ४० सेंटिमीटर उंचीचा चुनखडीचा फलक सुमारे ४५०० वर्षांपूर्वीचा. दक्षिण इराकमधल्या तेल्लो इथं, म्हणजे प्राचीन गिरसू नगरात, अर्नेस्ट द सार्झेक या फ्रेंच अधिकाऱ्याच्या उत्खननात तो सापडला. देऊळ बांधताना राजानं स्वतः टोपली उचलायची, अशी ही प्रतिमा. आपले मंत्री भूमिपूजनाला कुदळ मारतात त्यातलाच प्रकार, फक्त फोटोग्राफरच्या जागी पाथरवट.

पण ४५०० हा आकडा आला कुठून? दगडाला विचारून उपयोग नाही. कार्बन-१४ची पद्धत लाकूड, हाडं, धान्य अशा एकेकाळी जिवंत असलेल्या वस्तूंना लागू पडते. चुनखडी तर प्राचीन पाण्याच्या तळाशी शिंपले आणि चुन्याचा गाळ साचून बनलेली. तिचं वय कळलं, तरी तिला छिन्नी कधी लागली ते कळत नाही.

इथं उपयोगी पडतात ती अक्षरं. फलकावर राजासमोर त्याचं कुटुंब ओळीनं उभं आहे आणि माणसांची नावं कोरलेली आहेत. त्यांतला अकुरगल पुढे राजा झाला. त्याचा मुलगा इआनातुम. युद्धात पडलेल्यांची मुंडकी गिधाडं नेताना दाखवणारा त्याचा प्रसिद्ध शिलापट्टही चुनखडीचाच आणि लूव्रमध्येच आहे. अशी पिढ्यांची साखळी, अक्षरांचं वळण आणि उत्खननातले थर एकत्र जुळवून काळ ठरतो. त्यात काही दशकांची मागेपुढे होतेच.

दगड मात्र दुसरी एक गोष्ट सांगतो. दक्षिण मेसोपोटेमिया म्हणजे नद्यांचा गाळ. माती हवी तेवढी, म्हणून घरं विटांची. चांगला दगड बाहेरून आणावा लागे. चुनखडी मऊ, मोह्स मापावर साधारण ३, त्यामुळे तांब्याच्या हत्यारांनीही ती कोरता येते. फलकाच्या मधोमध असलेलं भोक भिंतीत खुंटी ठोकून तो बसवण्यासाठी असावं.

देवळं बांधल्याची फुशारकी सगळेच राजे मारतात. मला त्याहून मोलाचं वाटतं ते याच फलकावरचं एक साधं वाक्य: दिलमूनच्या, म्हणजे आजच्या बहारीन परिसरातल्या, जहाजांनी उर-नानशेसाठी लाकूड आणलं. आखाती समुद्रव्यापाराच्या सर्वांत जुन्या लेखी नोंदींपैकी ही एक आहे.