पिकअप मोटारगाडीतील कंपनांचे निदान
पिकअप मोटारगाडीतील कंपनांचे निदान : पुढे चालकाची खोली व मागे मालासाठी उघडा हौदा असलेल्या हलक्या मालवाहू मोटारगाडीस पिकअप म्हणतात. अशी गाडी चालत असताना सुकाणू चक्र, आसन, तळ किंवा हौदा यांत जाणवणारी आणि रस्त्याच्या खडबडीतपणाने उलगडा न होणारी थरथर कोणत्या भागातून उद्‌भवते, हे शोधून काढण्याच्या क्रियेस कंपनाचे निदान म्हणतात. कंपन हा स्वतः दोष नसून दोषाचे लक्षण होय. चाकाला चिकटलेल्या चिखलासारख्या क्षुल्लक कारणाने ते येऊ शकते, तसेच चाकाचे नट सैल झाल्यानेही येऊ शकते आणि चालकाला दोन्ही प्रसंगी जाणवणारी थरथर जवळजवळ सारखीच असते. म्हणून अंदाजाने एकामागून एक भाग बदलत जाण्याऐवजी कंपन कोणत्या फिरत्या भागाच्या गतीशी निगडित आहे, हे प्रथम ठरवावे लागते.

रचना : बहुतेक पिकअप गाड्यांत चालकाची खोली व हौदा स्वतंत्र पोलादी सांगाड्यावर बसविलेले असतात. पुढील एंजिनाची शक्ती दंतचक्र पेटी व प्रचालक दंड यांमार्फत मागील आसाकडे नेली जाते आणि हा आस पाट्यांच्या कमानींवर टांगलेला असतो. माल भरल्यावर कमानी दबतात व प्रचालक दंडाचा कल बदलतो. त्यामुळे रिकाम्या गाडीत जाणवणारे कंपन भरलेल्या गाडीत नाहीसे होते किंवा याउलटही घडते. प्रवासी मोटारगाडीत सहसा न आढळणारा हा फरक निदानास उपयोगी पडतो.

कंप्रता व फिरण्याचा वेग : दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येस कंप्रता म्हणतात व ती हर्ट्‌झ या एककात मोजतात. टायरचा परीघ २·२ मी. असेल, तर ताशी ८० किमी. वेगाने (दर सेकंदास सु. २२·२ मी.) जाताना चाकाचे दर सेकंदास सु. १० फेरे होतात. मागील आसातील दंतचक्रांचे गुणोत्तर ४ असल्यास प्रचालक दंडाचे ४० फेरे होतात आणि दंतचक्र पेटी सरळ जोडणीत असल्यास एंजिनाचेही तितकेच, म्हणजे दर मिनिटास २,४०० फेरे होतात. यावरून असमतोल चाकाचे कंपन सु. १० हर्ट्‌झ, असमतोल प्रचालक दंडाचे ४० हर्ट्‌झ व त्याच्या सांध्यातील दोषाचे ८० हर्ट्‌झ येते. चार सिलिंडरांच्या चतुर्धाव एंजिनात दर फेऱ्याला दोन ज्वलने होत असल्याने त्यांची कंप्रता ८० हर्ट्‌झ असते. एक सिलिंडर पेटत नसेल, तर दर दोन फेऱ्यांना एकदा, म्हणजे २० हर्ट्‌झचा हिसका बसतो. सु. १० हर्ट्‌झचे कंपन हाताला व शरीराला हेलकाव्यासारखे जाणवते, तर ४० हर्ट्‌झच्या पुढील कंपन तळातून येणाऱ्या घरघरीसारखे ऐकूही येते. कंप्रता इलेक्ट्रॉनीय उपकरणाने मोजतात. हल्लीच्या मोबाइल फोनमधील प्रवेगमापकाच्या साहाय्यानेही तिचा पुरेसा अंदाज घेता येतो.

चाके व टायर : समजा, रिमच्या कडेला, मध्यापासून २० सेंमी. अंतरावर, ५० ग्रॅ. वजन जास्त आहे. ताशी ८० किमी. वेगाने त्यामुळे सु. ४० न्यूटन, म्हणजे जवळजवळ ४ किग्रॅ. वजनाइतकी केंद्रोत्सारी प्रेरणा निर्माण होते. ही प्रेरणा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ताशी ४० किमी. वेगाला ती एक-चतुर्थांशच राहते. चाक व आस यांची नैसर्गिक कंप्रता सामान्यतः १० ते १५ हर्ट्‌झच्या आसपास असल्याने महामार्गावरील वेगाला अनुस्पंदन होऊन थरथर वाढते व वेग आणखी वाढल्यास ती कधीकधी कमी होते. ताशी २०-३० किमी. वेगालाच गाडी डुलत असेल, तर केवळ असमतोल हे कारण सहसा नसते. अशा वेळी वाकलेली रिम, फुगवटा आलेला टायर किंवा सुटू लागलेला टायरचा वरचा थर यांचा शोध घ्यावा. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटेने गेलेल्या गाडीच्या रिममध्ये आतल्या बाजूस चिखल वाळून बसतो. तो धुऊन काढल्यावरच चाकाचा समतोल तपासणे योग्य ठरते.

प्रचालक दंड : हा दंड दोन्ही टोकांना सार्वत्रिक सांध्याने जोडलेला असतो. सांध्यातील अधिक चिन्हाच्या आकाराच्या भागाला कारागीर ‘क्रॉस’ म्हणतात. रॉबर्ट हुक (१६३५–१७०३) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सांध्यातून शक्ती कलत्या दिशेने नेल्यास पुढील दंडाची गती प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढते व दोनदा घटते. १० अंशांच्या कलाला हा फरक दोन्ही बाजूंना सु. १·५ टक्के असतो. दुसऱ्या टोकाच्या सांध्याचा कोन समान असेल व दोन्ही सांध्यांचे चिमटे योग्य जुळणीत असतील, तरच हा फरक नाहीसा होतो. जास्त माल नेता यावा म्हणून कमानीत जादा पाटे घातल्यास, विशेषतः रिकाम्या गाडीत, कोनांचे हे संतुलन बिघडते. दुरुस्तीसाठी काढलेला दंड खुणा न करता पुन्हा बसविल्यासही हाच दोष उत्पन्न होतो. दोन तुकड्यांच्या दंडात मधल्या धारव्याचा रबरी आधार फाटला असल्यास गाडी जागेवरून निघताना तळाला हादरे बसतात.

रस्त्यावरील चाचणी : प्रथम उभ्या गाडीची तपासणी करतात. चाकांचे नट, टायरची स्थिती व हवेचा दाब, चाकांच्या धारव्यांतील ढिलाई, प्रचालक दंडाचे सांधे व एंजिनाखालील रबरी आधार पाहिल्याशिवाय गाडी वेगाने चालवू नये. नंतर सरळ, सपाट व मोकळ्या रस्त्यावर पुढील क्रमाने चाचण्या घेतात. (१) कंपन ज्या वेगाला जाणवते, तो वेग कायम ठेवून गिअर बदलावा. कंपन तसेच राहिले, तर दोष चाके, आस किंवा प्रचालक दंड यांत असतो. बदलले, तर तो एंजिन किंवा क्लच यांत असण्याचा संभव असतो. (२) उभ्या गाडीत एंजिन तितक्याच फेऱ्यांनी चालवावे. तेव्हाही थरथर आली, तर चाके दोषमुक्त ठरतात. (३) त्याच वेगाला प्रवेगकावरील पाय काढावा. कंपन केवळ ओढ असतानाच येत असेल, तर सांधे, त्यांचे कोन व रबरी आधार तपासावेत. (४) कंपन केवळ ब्रेक लावल्यावर येत असल्यास ब्रेकच्या चकतीची असमान जाडी किंवा ड्रमचा बिघडलेला गोलाकार हे कारण असते. चाचणीसाठी चालत्या गाडीचे एंजिन मात्र कधीही बंद करू नये. तसे केल्यास ब्रेक व सुकाणू यांना मिळणारे शक्तिसाहाय्य जाते आणि सुकाणूला कुलूप बसण्याचा धोका असतो.

सुकाणू चक्रात जाणवणारे कंपन बहुधा पुढील चाकांतून व आसनात जाणवणारे मागील भागातून येते. खात्रीसाठी पुढील व मागील चाकांची अदलाबदल करतात. थरथर हातांकडून आसनाकडे सरकली, तर दोष चाकात असतो. ती जागीच राहिली, तर चाकावर खर्च करणे व्यर्थ होय. प्रत्येक वेळी एकच बदल करून पुन्हा चाचणी घ्यावी; अनेक भाग एकदम बदलल्यास कंपन थांबले, तरी कारण अज्ञातच राहते.

धोक्याची लक्षणे : चाक बदलल्यानंतर अचानक सुरू झालेले व वेगाने वाढत जाणारे कंपन नट सैल असल्याचे निदर्शक असू शकते. सैल नटांमुळे रिमची भोके झिजतात, बोल्ट तुटतात व शेवटी चाक निखळते. टायरचा फुगवटा व तळाखालील ठोक्यांसह येणारी थरथर हीही तितकीच गंभीर लक्षणे होत. अशा वेळी गाडी हळूहळू बाजूला घेऊन थांबविणे व दोष सापडेपर्यंत पुढे न नेणे आवश्यक असते. टायरमधील हवेच्या दाबाची वेळच्या वेळी तपासणी, चाक बदलल्यावर थोड्या अंतरानंतर नट पुन्हा आवळणे, सांध्यांना वेळेवर वंगण देणे व मालाच्या वजनाची मर्यादा पाळणे यांमुळे पुष्कळशी कंपने उद्‌भवतच नाहीत.