पोटाच्या कर्करोगात किती कापायचे?

पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राचे नवे वाण आले म्हणून शहाणा शेतकरी सगळे रान त्याखाली घालीत नाही. जुना ऊस आणि नवा ऊस शेजारी शेजारी लावतो, खतपाणी सारखे देतो आणि काट्यावर वजन बघतो. डॉक्टर लोकांच्या चाचण्या अशाच असतात. मात्र तिथे उसाच्या जागी जिवंत माणसे असतात. म्हणून आधी रोग्याची संमती घेतात, आणि कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते, कुणाच्या मर्जीने नाही.

जठराच्या कर्करोगाचे बघा. 29 जानेवारी 1881 रोजी व्हिएन्नात डॉ. बिलरोथ यांनी एका बाईच्या जठराचा रोगट भाग काढून उरलेला भाग आतड्याला जोडला. बाई शस्त्रक्रियेतून वाचली, पण चार महिन्यांनी रोग उलटून गेली. लव्हाळा वरून खुरपला आणि गाठी मातीत राहिल्या, तर काय होते हे तुम्हाला सांगायला नको. जठराभोवती हरभऱ्याएवढ्या लसिकाग्रंथी असतात. रोग तिथे जाऊन दडतो.

मग त्या ग्रंथी किती काढायच्या? जपानी डॉक्टर दूरवरच्याही काढीत. युरोपातल्यांना ते पटत नव्हते. शेवटी हॉलंडमध्ये 1989 ते 1993 या काळात चाचणी झाली. जपानहून डॉ. सासाको शिकवायला आले. बरे करण्याच्या हेतूने शस्त्रक्रिया झालेल्या 711 रोग्यांचे दोन गट होते. निकाल उलटाच लागला! लहान शस्त्रक्रियेनंतर शंभरात 4 रोगी दगावले, मोठीनंतर 10. तिथल्या पुष्कळ रुग्णालयांना या कामाचा सराव नव्हता, शिवाय मोठ्या शस्त्रक्रियेत अनेकांची पाणथरी आणि स्वादुपिंडाचे टोकही काढले जात असे.

पण डॉक्टरांनी वही मिटली नाही, याचे मला फार कौतुक वाटते. पंधरा वर्षे ते त्या रोग्यांची खबर घेत राहिले. 2010 साली हिशेब मांडला, तेव्हा याच कर्करोगाने मेलेले लहान शस्त्रक्रियेच्या गटात शंभरात 48 निघाले, मोठीच्या गटात 37. म्हणजे ग्रंथी काढणे योग्यच होते. चूक होती ती हात बसलेला नसताना करण्यात, आणि पाणथरी विनाकारण काढण्यात.

मग आणखी खोल गेले तर? तेही जपान्यांनी 523 रोग्यांवर तपासले. महारोहिणीजवळच्या ग्रंथीही काढल्या. 2008 साली निकाल आला : आयुष्य काही वाढले नाही. जास्त कापले म्हणजे जास्त जगला, असे नव्हे. त्या चाचणीत दोन्ही गटांत शस्त्रक्रियेने दगावलेले शंभरात एकही भरत नव्हते. सरावाचा हात तो हा.

दुसरा शोध इंग्लंडातला, 2006 सालचा. नुसत्या शस्त्रक्रियेने पाच वर्षे जगले शंभरात 23. शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर औषधे दिली, तर 36. अशा औषधांनंतर मोठी शस्त्रक्रिया सुखरूप करता येते, हे मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉ. शैलेश श्रीखंडे आणि सहकाऱ्यांनी 2013 साली आपल्या रोग्यांच्या अनुभवावरून मांडले. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आधी औषधे, मग ऑपरेशन," तर ते चालढकल करतात असे समजू नका.

चालढकल आपल्याकडूनच होते. कुंडलच्या भागात द्राक्षाची छाटणी, मग उसाची तोड, मग लग्नसराई. तोवर पित्ताच्या गोळ्या आणि सोडा. दोन घासांत पोट भरते, वजन उतरते, शौचाला डांबरासारखी काळी होते, गिळताना अडते, यांतले काही असेल तर दुर्बिणीची तपासणी करून घ्या. ती काही मिनिटांचीच असते. मिरजेला सिद्धिविनायक गणपती कॅन्सर हॉस्पिटल आहे, आणि किर्लोस्करवाडीच्या स्टेशनावरून (जुने नाव कुंडल रोड) मिरजेला आणि मुंबईलाही गाडी मिळते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया बसतात, तेव्हा रेशनकार्ड आणि आधार बरोबर न्या. आणि डॉक्टरांना न संकोचता विचारा : "साहेब, वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया तुमच्याकडे होतात?"

घरी परतलेल्या माणसाला मात्र पूर्वीसारखे ताट वाढू नका, वहिनी. भाकरी चालते, पण चतकोर चतकोर, दिवसातून सहा वेळा, आणि नीट चावून. सबंध जठर काढले असेल तर बी-12 चे इंजेक्शन जन्मभर घ्यावे लागते. त्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरावर लिहून ठेवा.