राईनपाडा आणि ‘फॉरवर्ड’

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडे बाजार भरला होता. मंगळवेढा भागातून आलेल्या, भिक्षेवर गुजराण करणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ‘मुलं पळवणारी टोळी’ ठरवून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठार मारलं. गावोगाव फिरणं ही ज्यांची पिढीजात उपजीविका, त्यांच्यावरच अशा अफवेचा घाव सगळ्यात आधी बसतो.

अशा अफवांच्या त्या काळात व्हॉट्सअ‍ॅपवरून देशभर फिरलेला एक व्हिडिओ मूळचा कराचीतला होता, मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करणारा. मोटारसायकलवरचे दोघे मूल उचलतात, लगेच परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. कुणीतरी शेवटचा भाग कापला. उरलं ते फक्त अपहरण.

व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर कूटबद्ध असतो, कंपनीलाही तो वाचता येत नाही. त्यामुळे उपाय झाला तो पसरण्याच्या वेगावर. जुलै २०१८मध्येच ‘फॉरवर्डेड’ ही खूण आली आणि भारतात एका वेळी पाचच चॅटना संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर झाली. जानेवारी २०१९मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२०पासून, अनेकदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. ही पावलं योग्यच, पण अपुरी: मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवणाऱ्याला यातली एकही मर्यादा अडवत नाही.