डाय भोपळ्यात बसवायचा कशाला?

परवा एम.एस्सी.च्या एका मुलीने विचारलं, "ताई, टायटॅनियम डायऑक्साइडवर डाय चिकटवायला कार्बॉक्सिल गट पुरतो ना? मग हा डब्याचा खटाटोप कशाला?" प्रश्न रास्त आहे.

टायटॅनियम डायऑक्साइड (अ‍ॅनाटेज) पांढरा असतो. बँड गॅप सुमारे 3.2 इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे त्याला फक्त अतिनील प्रकाश पचतो. दृश्य प्रकाश पकडायचं काम डायचं; तो उत्तेजित झाला की इलेक्ट्रॉन ऑक्साइडला देतो. ओ'रेगन आणि ग्रेट्झेल यांचा 1991 चा सौरघट याच तत्त्वावर चालला. अडचण अशी की पृष्ठभागावर दाटीवाटीने बसलेले डायचे रेणू एकमेकांवर रचले जातात, आणि मग शोषलेली ऊर्जा इलेक्ट्रॉन न देताच वाया जाते.

म्हणून प्रत्येक रेणूला स्वतंत्र खोली! कुकरबिट[7]युरिल हा असाच डबा: 7 ग्लायकोल्युरिल एककांचं कडं, मधे फुगीर, दोन्ही तोंडं अरुंद. नावही भोपळ्याच्या कुळावरूनच. (म्हातारीची गोष्ट आठवली असेल तर बरोबर आहात.) आतली पोकळी पाण्याला टाळणारी, तोंडाशी कार्बोनिल ऑक्सिजन, त्यामुळे धनभारित पाहुणे तिथे आवडीने बसतात.

पण भिंतीआडून इलेक्ट्रॉन बाहेर पडेल? पडतो. 2004 मध्ये रटगर्स विद्यापीठातल्या गटाने हेमिकार्सरँड नावाच्या दुसऱ्या डब्यात अझुलीन कोंडलं. कार्बॉक्सिल गट डब्याला होते, अझुलीनचा पृष्ठभागाशी बंध नव्हता. तरी इलेक्ट्रॉन टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये गेला.

आता माझी फजिती. द्रावणात स्पेक्ट्रम सरकला, फिल्मला सुरेख रंग चढला, मी खूश. तीन आठवड्यांनी डब्याशिवायच्या डायची फिल्म शेजारी ठेवून मोजली, तर दोन्ही स्पेक्ट्रम जुळे! पीएच जुळवायला मी सोडियमचं बफर वापरलं होतं. सोडियम आयन डब्याच्या तोंडाशी बसतात, पाहुण्याची पकड सैल होते. सुटा डाय आपल्या कार्बॉक्सिलने फिल्मवर जाऊन बसला, डबा द्रावणातच राहिला.

त्यामुळे नुसता डाय, डब्यातला डाय आणि रिकामा डबा, या तिन्ही फिल्म एकाच दिवशी बनवा, एकाच द्रावकाने धुवा. आणि बफरच्या बाटलीवरचं लेबल आधी वाचा. मी वाचलं नव्हतं.