मेलॅनोमा : तळपायावरील डागाकडे दुर्लक्ष नको

आपली त्वचा सावळी असल्याने त्वचेचा कर्करोग आपल्याला होत नाही, असा समज आपल्यात रूढ आहे. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींतून उद्भवणारा मेलॅनोमा गौरवर्णीयांच्या तुलनेत आपल्याकडे विरळा, हे खरे. परंतु आपल्याकडे तो पुष्कळदा तळपायावर, तळहातावर वा नखाखाली होतो आणि नेमके तेथेच कोणी पाहत नाही. विख्यात गायक बॉब मार्ले यांना पायाच्या नखाखाली हाच रोग झाला. १९८१ साली अवघ्या ३६व्या वर्षी ते निवर्तले.

डाग वाढणे, कडा वेड्यावाकड्या होणे, रंगात फरक पडणे, रक्त येणे, नखावरील काळी रेघ रुंदावणे ही धोक्याची लक्षणे होत. अशी प्रत्येक खूण कर्करोगच असते असे नाही. निर्णय बायोप्सीने होतो. मात्र भोवरी समजून ती घरी ब्लेडने कापू नये.

रोग वेळीच कळल्यास शस्त्रक्रियेने गाठ सभोवतालच्या त्वचेसह काढतात. बहुतेकदा तेवढे पुरते. गाठ जाड असल्यास जवळच्या लसिकाग्रंथीही तपासतात. रोग पसरल्यास प्रतिकारशक्तीला चालना देणारी औषधे वा विशिष्ट जनुकीय दोष असल्यास गोळ्या देतात. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचा मेलॅनोमा २०१५ साली मेंदूपर्यंत पोहोचला होता. अशा उपचारांनंतर ते २०२४पर्यंत जगले. परंतु ही औषधे महागडी असून सर्वांनाच लागू पडत नाहीत.

म्हणून आम्ही वाचकांना सुचवितो : महिन्यातून एकदा स्वतःचे आणि घरातील वृद्धांचे तळवे उजेडात पाहा.